दहा ओळींचं काम

"त्यात काय, दहा ओळींचं काम आहे," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या हातात चकली होती. चकली हातात असताना माणसाने कसलंही आश्वासन देऊ नये. तोंड मोकळं असतं, डोकं नसतं.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यकारिणी फराळाला जमलेली, आणि पुण्यात कॉम्प्युटरमध्ये असलेला मुलगा आयताच सापडलेला. (मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. गावात अजून मुलगाच आहे.) कार्यवाह म्हणजे मला आठवीत गणित शिकवणारे सर. पूर्वी खिशातून खडू काढायचे तसा त्यांनी पेनड्राइव्ह काढला. "यात सगळी पुस्तकं आहेत, सगळे सभासद आहेत. तू फक्त ते डेटाबेसमध्ये घाल. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कोण घेऊन गेलंय, किती दिवस झाले, सगळं दिसलं पाहिजे. तपासणीला साहेब येतात, त्यांनाही बरं वाटेल."

"कुठला डेटाबेस?" अध्यक्षांनी विचारलं.

"रिलेशनल."

"म्हणजे नातेसंबंधांचा? वधूवर सूचक मंडळासारखा?"

सगळे हसले, मीही हसलो. खरं तर अध्यक्ष फारसे चुकले नव्हते. एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली, आयबीएममध्ये नोकरीला असताना, एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, म्हणाला. पुस्तकांचा तक्ता वेगळा, लेखकांचा वेगळा, सभासदांचा वेगळा. एकातला क्रमांक दुसऱ्यात लिहिला की सोयरीक जुळली. प्रत्येक गोष्ट एकदाच आणि एकाच जागी लिहायची. कल्पना इतकी स्वच्छ आहे की कॉडसाहेबांनी आपल्याकडच्या वाचनालयाची दाखल नोंदवही कधी पाहिलेली नसणार. आमच्या यादीत 'वि. स. खांडेकर', 'वि.स.खांडेकर', 'खांडेकर, वि. स.', 'खांडेकर वि स' आणि 'कै. वि. स. खांडेकर' असे पाच लेखक होते. डेटाबेसच्या लेखी ही पाच निरनिराळी माणसं, आणि त्यांतलं फक्त एक वारलेलं. १९७४चं ज्ञानपीठ नक्की कोणाला मिळालं ते त्यांनी आपसात ठरवायचं.

पेनड्राइव्हवर तीन फायली होत्या: 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन खरी'. पहिलीत जुनी पुस्तकं, दुसरीत अलीकडची, तिसरीत सभासद. रात्री जेवण झाल्यावर मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला बसलो. फाइल उघड, ओळ वाच, स्वल्पविराम दिसेल तिथे तोड, पहिले चार तुकडे उचल (दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत), इन्सर्टच्या वाक्यात शिव, पुढच्या ओळीवर जा. लिहून झाल्यावर मोजल्या: नऊ ओळी. एक ओळ वाचली म्हणून बेसनाचा लाडू खाल्ला.

नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानानंतर, टेबल उघडून बघितलं. 'एक होता कार्व्हर' सापडेना. त्याच्या दाखल क्रमांकापुढे शीर्षक कोरं होतं. लेखकाचं नाव: 'क होता कार्व्हर'. किंमत: वीणा गवाणकर.

इथे जुन्या फाँटांविषयी सांगणं भाग आहे. युनिकोड सर्वत्र होण्याआधी मराठी टाइप करायची जी सोय होती, तिला सोय म्हणणं हा मराठी माणसाचा सोशिकपणा. फायलीत मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असायची, फक्त त्यांच्या तोंडावर देवनागरीचे मुखवटे. फाँट असेल तर 'राम', फाँट काढला की तीन निरर्थक इंग्रजी अक्षरं. आमच्या फायलीचा फाँट रेमिंग्टन टाइपरायटरच्या धर्तीवरचा. कळा मोजक्या, मराठी अक्षरं आणि जोडाक्षरं भरमसाट; मग विरामचिन्हांच्या घरातही अक्षरं घुसवलेली. स्वल्पविरामाच्या जागी 'ए'. अर्धविरामाच्या जागी 'य'. एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा 'श'. आणि खरा स्वल्पविराम? तो बिचारा चौकटी कंसाच्या घरात, पोटभाडेकरू म्हणून.

स्क्रिप्टला मी सांगितलं होतं, स्वल्पविराम दिसला की तोड. स्क्रिप्ट इमानी. तिने पंचवीस वर्षांच्या ग्रंथखरेदीतला प्रत्येक 'ए' तोडला. 'ऐ'सुद्धा सोडला नाही, कारण 'ऐ' म्हणजे 'ए'च्या डोक्यावर मात्रा. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं आख्खं कपाट गारद झालं.

वाचनालयात जाऊन, जुन्या कॉम्प्युटरवरून तीच यादी पुन्हा काढली. या वेळी रकान्यांच्या मधे अर्धविराम घातला. ग्रंथपालबाई शेजारी बसून करंजी खात माझ्याकडे बघत होत्या. मी लहान असताना गोष्टीचं पुस्तक उलटं धरून वाचायचो, तेव्हाही त्या अशाच बघायच्या.

अर्धविराम म्हणजे 'य'. 'ययाति'ची सुरुवातच दोन 'य'नी. शीर्षक कोरं, लेखक कोरा, आणि किंमत 'ाति'. मूळ कथेत ययातीने मुलाचं तारुण्य मागून घेतलं होतं. इथे त्याने शेजारचे दोन रकाने घेतले.

मग टॅब. टॅबच्या कळेवर कोणी अक्षर बसवलेलं नव्हतं, एवढं एक घर मोकळं राहिलं होतं. ओळी नीट तुटल्या. मी बाईंना म्हटलं, "झालं बघा." आणि स्क्रिप्ट 'श्यामची आई'पाशी येऊन कोसळली.

हा अपघात मला या धंद्यातल्या बावीस वर्षांत पाहिलेला सर्वांत देखणा अपघात वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एसक्यूएल ही डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा; तिच्या वाक्यात मजकूर एकेरी अवतरणात घालतात. अवतरण उघडायचं, मजकूर लिहायचा, अवतरण मिटायचं. वाक्य संपलं हे सांगायला अर्धविराम. आता 'श्या' बघा. अर्धा 'श' म्हणजे अवतरणचिन्ह. त्यापुढचा 'य' म्हणजे अर्धविराम. म्हणजे पुस्तकाचं पहिलं जोडाक्षर डेटाबेसला बजावतं: मजकूर संपला, वाक्य संपलं, आता माझं ऐक. जगभरचे चोर दुसऱ्यांच्या डेटाबेसात शिरताना पहिल्यांदा टाकून बघतात ती हीच दोन चिन्हं, याच क्रमाने. त्या प्रकाराला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात आणि तो होऊ नये म्हणून मोठमोठ्या कंपन्या पगार देऊन माणसं ठेवतात. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांना धोकादायक ठरवणारं सरकार गेलं, आणि इतक्या वर्षांनी माझ्या लॅपटॉपने तोच निर्णय पुन्हा दिला.

यावर उपाय जुना आहे. हुकूम आणि मजकूर यांच्या चुली वेगळ्या करायच्या. वाक्यात मजकुराच्या जागी नुसती खूण ठेवायची, वाक्य आधी पाठवायचं, मजकूर मागून निराळा द्यायचा. मग मजकुरात काहीही असो, डेटाबेस तो हुकूम समजत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. नव्या पोरांना मी दर वर्षी हे शिकवतो, अवतरणात मजकूर शिवणाऱ्यांना रागावतोही. पण दिवाळीच्या सुटीत, गावच्या वाचनालयासाठी, दहा ओळींच्या कामाला कोण चुली वेगळ्या करतो?

त्या रात्री फाँटाचं युनिकोड करून घेतलं. ती एक वेगळी रात्र होती, तिच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सरांनी नोंदवहीबरोबर पेनड्राइव्हलाही हळदकुंकू वाहिलं आणि मी शुद्ध मराठी यादी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर चढवली. यादीत 'श्यामची आई' उघडलं. सात प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, दोन प्रश्नचिन्हं. मोजून बघा: श, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, य, काना, म, च, वेलांटी, मग आ आणि ई. हिशेब चोख होता, फक्त पुस्तक नव्हतं.

त्या कॉम्प्युटरवर मायएस्क्यूएलची फार जुनी आवृत्ती होती. हा डेटाबेस मूळचा स्वीडनमधल्या कंपनीचा. संस्थापकांपैकी एकाच्या मुलीचं नाव माय, त्यावरून हे नाव. मुलीचं नाव माय, हे आमच्या गावात सांगून बघा, लोक आजीचं नाव विचारतील. तर २०१८ सालापर्यंत या डेटाबेसला तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर तो अक्षरं युरोपीय धरायचा आणि नावं स्वीडिश वर्णक्रमाने लावायचा. त्याला मराठी अक्षर दिसलं की तो भांडत नसे, नम्रपणे प्रश्नचिन्ह काढून ठेवायचा. मला हा नम्रपणा फार महागात पडलेला आहे. भांडणारा डेटाबेस परवडतो. सकाळी एकदा ओरडतो, आपण दुरुस्त करतो. हा 'असू दे, असू दे' करत सगळं आत घेतो आणि वर्षभराने कळतं की आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या फायलीचा मला भरवसा होता. ती एक्सेलमधली, युनिकोडमधली, एका नव्या, हुशार सहायक मुलीने भरलेली. त्या मुलीने लेखकांची नावं ग्रंथालयशास्त्राच्या शिस्तीने लिहिली होती: आडनाव, स्वल्पविराम, नाव. म्हणजे जगात स्वल्पविरामाने तोडायच्या फायलींना सगळ्यांत घातक जागा कुठली, तर ग्रंथालय. 'शांतता! कोर्ट चालू आहे', लेखक तेंडुलकर, किंमत विजय. स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात गुंडाळायचा, हा संकेत आहे. लोक वर्षानुवर्षं असल्या फायली एकमेकांना पाठवत होते आणि नियम लिहून काढले २००५ साली, आरएफसी ४१८० या नावाने. त्यातही लिहिणाऱ्यांनी स्वभावानुसार नम्रता दाखवली आहे. हे काही बंधनकारक मानक नव्हे, माहितीसाठी आहे, अशी. पायथनमध्ये हे नियम पाळून फाइल वाचणारं तयार यंत्र फुकट मिळतं. नऊ ओळींच्या अभिमानात मी ते वापरलेलं नव्हतं.

ते वापरलं, तेंडुलकर जागेवर आले, आणि मग दिसला 'ठिकाण' हा रकाना.

आमच्याकडे पुस्तकाचं ठिकाण कपाट आणि खण असं लिहितात. सव्विसाव्या कपाटातला पहिला खण म्हणजे २६-१. एक्सेलला असं काही दिसलं की ते स्वतःहून तारीख करून टाकतं. विचारत नाही. त्यामुळे २६-१ मधली सगळी नाटकं प्रजासत्ताक दिनी गेली होती. चौदाव्या कपाटाचा चौथा खण, म्हणजे दलित आत्मकथनं, योगायोगाने आंबेडकर जयंतीला. १९-२ वर शिवजयंती. सूचिपत्र उघडलं की शासकीय सुट्ट्यांचं परिपत्रक वाचल्यासारखं वाटत होतं. फक्त ते कुठल्या साली काढलं, ते एक्सेलने ज्या दिवशी टाइप केलं त्यावरून ठरवलेलं.

मी खचलो नाही, कारण या बाबतीत माझ्या जोडीला मोठी माणसं आहेत. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीचंही हेच झालं. काही जनुकांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं 'मार्च' आणि 'सप्टेंबर' यांच्याशी जुळायची आणि एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. वर्षानुवर्षं शोधनिबंधांत तारखा छापून आल्या. अखेर २०२० साली शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. माणसाचा पिंड बदलणं एक्सेल बदलण्यापेक्षा सोपं निघालं. त्याच वर्षी इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या हिशेबातून १५,८४१ करोनारुग्ण गळाले, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. आमची तर दलित आत्मकथनं जयंतीला गेली होती; सरांच्या मते त्यात काही गैर नव्हतं.

पाडव्याला सभासद घेतले. दूरध्वनीचा रकाना मी 'पूर्णांक' ठरवला. नंबर म्हणजे नंबरच ना? मायएस्क्यूएलच्या साध्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. आपले मोबाइल नंबर सहाशे कोटींच्या पुढचे. जुना डेटाबेस नम्र, हे सांगितलंच. त्याने एकही नंबर नाकारला नाही. प्रत्येकाला ओढून ताणून आपल्या उंचीत बसवलं. सगळ्या सभासदांचा मोबाइल नंबर एकच झाला: २१४७४८३६४७.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "एकालाच फोन करायचा, तो बाकीच्यांना सांगेल."

सभासद झाल्याच्या वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले होते. पायथन ६८ पर्यंतचे आकडे एकविसाव्या शतकात धरतो. त्यामुळे १९६२ पासून अखंड वर्गणी भरणारे आमचे सगळ्यांत जुने सभासद २०६२ साली वाचनालयात दाखल होणार होते. आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी वर्गणीची पावती त्याच तारखेची मागितली.

आणि मग नल. 'पुस्तक परत आल्याची तारीख' या रकान्यात, पुस्तक परत आलं नसेल तर, बाईंनी जे घडलं ते लिहिलं होतं: 'निरंक', 'विचारणे', 'फोन केला', 'परत फोन केला', 'सून म्हणते दिलं'. तारखेच्या रकान्यात तारीखच हवी. बाईंची वाक्यं मी 'शेरा' नावाच्या वेगळ्या रकान्यात हलवली आणि तारखेच्या जागी नल ठेवला. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य आपलं आहे, आपल्याला कळतं. नल म्हणजे रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. मग दोन नल सारखे आहेत का? डेटाबेसचं उत्तर: तेही माहीत नाही. दमयंतीच्या स्वयंवरात एकासारखे एक पाच नल बसले होते, खरा एक आणि चार देव. तिने घाम, सावली, पापण्या बघून आपला ओळखला. डेटाबेसपुढे पाच नल बसवा, तो माळ हातात घेऊन जन्मभर उभा राहील.

मला हे ठाऊक असूनही घाईत मी प्रश्न तसाच टाकला: ज्यांची परतीची तारीख 'बरोबर नल' आहे अशी सगळी पुस्तकं दाखव. उत्तर आलं: शून्य ओळी.

अध्यक्ष खूष. "एकही पुस्तक बाहेर नाही! वाचनालयाच्या इतिहासात पहिल्यांदा!"

सर चष्मा पुसत म्हणाले, "काहीतरी चुकतंय. तीन तर माझ्याचकडे आहेत."

भाऊबीजेच्या सकाळी सगळं दुरुस्त होतं. तोवर नऊ ओळींच्या दोनशे तेरा झाल्या होत्या, आणि त्यांतल्या दोनशे ओळी डेटाबेससाठी नव्हत्याच. कोणी 'निरंक' लिहिलं, कोणी 'कै.' लावलं, कोणी कपाटाला तारीख दिली, यांच्या समजुती काढण्यासाठी होत्या. शेवटची चढाई केली. स्क्रिप्ट म्हणाली, ११,४१२ पुस्तकं चढली. टेबल उघडलं. रिकामं.

कमिट राहिलं होतं. रिलेशनल डेटाबेसात तुम्ही कितीही ओळी घाला, कमिट म्हणेपर्यंत ते सगळं साखरपुड्यासारखं. मधेच उठून गेलात तर काही ठरलंच नव्हतं अशा चेहऱ्याने डेटाबेस बसतो. कमिट म्हणजे अक्षता. मी अक्षतांची ओळ घातली, पुन्हा चालवली, पडद्यावर काही हललं नाही म्हणून आणखी एकदा चालवली. दाखल क्रमांक दोनदा येऊ नये अशी अट घालायची, ती घातलेली नव्हती. वाचनालयात २२,८२४ पुस्तकं झाली.

"राहू दे," अध्यक्ष हळूच म्हणाले. "वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या बघतात. 'ब'चा 'अ' होईल."

सरांनी नुसतं बघितलं. आठवीत ज्या नजरेने बघायचे तीच. मी निम्मी पुस्तकं खोडली, अट घातली, पुन्हा मोजली: ११,४१२. लेखकांत खांडेकर एकच, आणि कै. नाही. 'ययाति' पहिल्या कपाटात, पाचव्या खणात. 'श्यामची आई' त्याच्याखालच्या खणात, अवतरणाच्या आत, शांत. मी सगळ्यांना दाखवलं. लेखकाचं नाव टाइप केलं की पुस्तकं, सभासदाचं नाव टाइप केलं की थकबाकी. सरांची तीन पुस्तकंही आली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी नारळ दिला. बस साडेचारची होती. निघताना सर दारापर्यंत आले. "फार सुंदर काम केलंस. आता एकच कर. हे सगळं जरा एक्सेलमध्ये काढून दे. बाईंना ते उघडता येतं."

मी काढून दिलं. बस सुटायला दहा मिनिटं होती आणि स्वल्पविरामाची फाइल काढणं खरोखरच एका ओळीचं काम आहे.

सोमवारी, ऑफिसात मीटिंगमध्ये असताना, बाईंचा फोन आला.

"अरे, एक गृहस्थ आलेत. 'ययाति' मागतायत. तुझी यादी उघडली, तर त्यात एक मे लिहिलंय. त्यांना एक मेला या म्हणून सांगू का? पण त्या दिवशी महाराष्ट्र दिन, आपल्याला सुट्टी असते."